काळी, पांढरी आणि रान : सूरजागड परिसर व प्राप्तिकरातील सवलतींचा इतिहास

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर आज बाहेरच्या जगाला लोहखनिजामुळे माहीत आहे. तेथील माडिया गोंडांना मात्र तो ठाकूरदेवाचे ठाणे म्हणून आणि सत्तर गावांच्या पारंपरिक इलाख्याचे केंद्र म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. प्राप्तिकराच्या इतिहासग्रंथांत या डोंगराचा उल्लेख सापडण्याचे कारण नाही, कारण तेथील बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न कराच्या उंबरठ्यापर्यंत कधी पोहोचलेच नाही. तरीही व्यक्तीच्या प्राप्तिकरातील सवलती भारतात कशा घडल्या, हे समजून घेण्यासाठी हा प्रदेश फार उपयोगी आहे. येथील माणसाचा संसार भाताच्या शेतावर, रानातील वनोपजावर आणि मजुरीवर किंवा पगारावर चालतो, आणि उपजीविकेच्या या तीन आधारांना प्राप्तिकराच्या कायद्याने तीन अगदी वेगळ्या प्रकारे वागविले आहे. शेताला पूर्ण सूट मिळाली, पगाराला वजावटी मिळाल्या. रानाला मात्र त्याचे स्वतःचे असे नावही कायद्यात मिळाले नाही. ही विभागणी सूरजागडकडे पाहून कोणी केली नव्हती, ती दूरच्या राजधान्यांत निराळ्याच कारणांसाठी झाली, आणि म्हणूनच ती कशी झाली हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

विवेचनाच्या सोयीसाठी तीन संज्ञांचा अर्थ आधी स्पष्ट केला पाहिजे. जे उत्पन्न एकूण उत्पन्नात धरलेच जात नाही, ते करमुक्त उत्पन्न होय. जे उत्पन्न आधी धरले जाते, परंतु विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधीतील वर्गणी किंवा उपचारांचा खर्च अशा कारणासाठी त्यातून ठरावीक रक्कम कमी केली जाते, त्या कमी केलेल्या रकमेस वजावट म्हणतात. कराची आकारणी पूर्ण झाल्यावर खुद्द करातूनच जी रक्कम सोडली जाते, ती करसूट होय. करमुक्त उत्पन्नात उत्पन्नाचा उगम पाहिला जातो, वजावटीत खर्चाचा हेतू पाहिला जातो आणि करसुटीत बहुधा करदात्याची ऐपत पाहिली जाते. या तिन्हींची सरमिसळ बोलण्यात नेहमी होते; इतिहासात मात्र या तिन्ही सवलती वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या दडपणांखाली अस्तित्वात आली.

इंग्रजी अंमलापूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, ज्यात चांदा (आजचा चंद्रपूर) प्रदेशही मोडत असे, कराची मुख्य विभागणी गावाच्या जमिनीवरूनच झालेली होती. कसणुकीखालील जमीन ती काळी आणि घरे-दुकाने ज्या जागेवर वसलेली ती पांढरी, ही महाराष्ट्रभर रूढ असलेली जोडी येथे करव्यवस्थेचाही पाया झाली. काळीवर सारा होता. जो कसत नाही, परंतु विणकाम, तेलघाणी, दुकानदारी, सावकारी अशा धंद्यावर पोट भरतो, त्याच्याकडून जो कर घेतला जाई, त्यास पांढरी हेच नाव पडले. देशावर अशाच स्वरूपाचा मोहतर्फा नावाचा कर होता. मुंबई इलाख्यात १८४४ च्या कायद्याने तो, शहरांतील जकाती आणि बलुतेदारांवरील पट्ट्या यांसह रद्द झाला आणि त्याची भरपाई मिठावरील कर वाढवून करण्यात आली, ज्यामुळे त्याच वर्षी सुरतेत दंगे उसळले. नागपूरच्या मुलखात मात्र १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही पांढरी चालूच राहिली, इतकेच नव्हे तर मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर १८६७ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती वसूल होत राहिली. पांढरी हा आधुनिक अर्थाने प्राप्तिकर नव्हता, परंतु कसणाऱ्याने सारा द्यावा आणि न कसणाऱ्याने धंद्याचा कर द्यावा, एकाच कमाईवर दोन्ही ओझी पडू नयेत, हे तत्त्व तिच्यात स्पष्ट दिसते. पुढे शेतीच्या उत्पन्नाला जी सूट मिळाली, तिची समज येथील प्रजेला कोणत्याही अर्थमंत्र्याच्या आधीपासून होती, असे म्हणण्यास जागा आहे.

या व्यवस्थेत सूरजागडचा प्रदेश कोठे बसत होता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हा भाग अहेरीच्या जमीनदारीत मोडत असे. अडीच हजार चौरस मैलांहून अधिक विस्ताराची ही जमीनदारी चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी होती, आणि तिचा धनी सरकारला शेतवार सारा न देता टाकोळी देत असे. टाकोळी म्हणजे संपूर्ण जमीनदारीबद्दल एकत्रित ठरविलेली खंडणीवजा रक्कम. तिच्यात कोणाचे शेत किती, रानातून किती आले, याची मोजदाद सरकार करीत नसे. डोंगरातील माडिया कुटुंबे तेव्हा पेंडा पद्धतीने शेती करीत, म्हणजे रानाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी पेरीत आणि दोनतीन हंगामांनंतर दुसरीकडे सरकत. अशा शेतीत आजची काळी उद्या पुन्हा रान होते. गावठाण आणि शिवार यांच्या कायम रेषेवर उभी असलेली करपद्धती या जीवनाला लागू होण्यासारखी नव्हती, आणि जमीनदारीच्या आडोशामुळे तो प्रश्न सरकारपुढे आलाही नाही. प्रदेशाला कर होता, माणसाचा मात्र हिशेब नव्हता.

प्राप्तिकराचा जन्म ज्या घटनांतून झाला, त्यांपैकी एक घटना याच जमीनदारीच्या परिसरात घडली, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. १८५८ च्या मार्च महिन्यापासून मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचा व्यंकटराव यांनी चांद्याच्या रानात इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले. अखेर बाबूराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्याला फाशी देण्यात आली. उत्तरेपासून येथवर पसरलेला १८५७ चा उठाव मोडण्यासाठी सरकारवर प्रचंड कर्ज झाले, आणि ते फेडण्याची वाट शोधण्यासाठी जेम्स विल्सन यांना लंडनहून पाठविण्यात आले. त्यांनी १८६० साली मांडलेला कायदा हा भारतातील पहिला प्राप्तिकर कायदा होय. त्यात वार्षिक २०० रुपयांखालील उत्पन्न वगळले होते, त्यापुढे ५०० रुपयांपर्यंत शेकडा २ आणि त्यावर शेकडा ४ असा दर होता. आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल अशी गोष्ट म्हणजे जमिनीपासूनच्या उत्पन्नाला त्यात सरसकट सूट नव्हती. जमीनदारही त्या कराच्या कक्षेत येत. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला आणि त्यापायी त्यांना पद सोडून परतावे लागले. विल्सन त्याच वर्षी कलकत्त्यात मरण पावले. आणि हा कर १८६५ मध्ये संपुष्टात आला.

त्यानंतरची वीस वर्षे धरसोडीची होती. परवाना-कर, प्रमाणपत्र-कर, पुन्हा प्राप्तिकर आणि १८७३ मध्ये तोही बंद, असा प्रवास झाला. निर्णायक वळण आले ते १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर. दुष्काळ-निवारणासाठी कायमचा निधी उभारावयाचा म्हणून व्यापारी व कारागीर यांच्यावर परवाना-कर बसविण्यात आला आणि अनेक प्रांतांत जमिनीवर जादा पट्ट्या लादल्या गेल्या. १८८६ साली ऑकलंड कॉल्व्हिन यांनी जेव्हा प्राप्तिकर नव्याने आणला, तेव्हा तो या परवाना-कराचे व्यापक रूप म्हणूनच मांडला गेला. शेतकऱ्याने आपला वाटा पट्टीच्या रूपाने आधीच दिलेला असल्यामुळे शेतीचे उत्पन्न त्यातून वगळण्यात आले. म्हणजे शेतीला मिळालेली सूट ही मुळात कृपा नव्हती. ज्याने एकदा दिले आहे त्याच्याकडून पुन्हा मागू नये, या न्यायाची ती कबुली होती. हे विसरल्यामुळे आज या सुटीबद्दल दोन्ही बाजूंनी जे बोलले जाते, त्यातील पुष्कळसे निराधार ठरते.

मात्र सूट देताना तिची हद्दही ठरवावी लागली. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न म्हणजे शेतीच्या कामी वापरल्या जाणाऱ्या आणि सारा लागू असलेल्या जमिनीपासूनचे उत्पन्न, अशा आशयाची व्याख्या केली, आणि थोड्याफार फरकाने तीच १९२२ व १९६१ च्या कायद्यांत उतरली. राज्यघटनेनेही वेगळी व्याख्या केली नाही. प्राप्तिकराच्या कायद्यात जी व्याख्या असेल तीच घटनेच्या प्रयोजनासाठी समजावी, असे अनुच्छेद ३६६ मध्ये म्हटले आहे, आणि असे उत्पन्न करपात्र करण्याचा अधिकार राज्यांकडे ठेवला आहे. परिणामी १८८६ साली दुष्काळी पट्ट्यांच्या संदर्भात आखलेली रेषा आजही केंद्र व राज्य यांच्या अधिकारांची रेषा म्हणून उभी आहे. १८८६ च्या याच कायद्यात आयुर्विम्याच्या हप्त्याबद्दल उत्पन्नाच्या एकषष्ठांशापर्यंत सवलत होती. पगारदाराच्या बचतीला उत्तेजन देणाऱ्या पुढील सर्व वजावटींचे मूळ तेथे आहे. करमुक्त मर्यादा ५०० रुपये होती. ती वाढवून १,००० करावी ही मागणी राष्ट्रीय सभेने सुरुवातीच्या अधिवेशनांतच केली, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात शिलकी अंदाजपत्रकांचा आधार घेऊन ती जोरकसपणे मांडली. सरकारजवळ पैसा उरतो आहे याचा अर्थ प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक घेतले जात आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९०३ मध्ये मर्यादा १,००० झाली आणि मिठावरील करही उतरला. कारकून, शाळामास्तर, लहान दुकानदार अशा हजारो माणसांचे ओझे एका अभ्यासू मराठी माणसाच्या आकडेमोडीने हलके होण्यास हातभार लागला, याची आठवण करविषयक लेखनात क्वचितच ठेवली जाते.

अहेरीच्या रानाकडे परतल्यास या व्याख्येची दुसरी बाजू दिसते. जमीनदाराला कुळांकडून मिळणारा खंड शेतीच्या जमिनीपासूनचा म्हणून सुटीस पात्र होता. पण सागवान, बांबू, मोह, लाख किंवा तेंदूपान यांच्या ठेक्यापासून येणारी रक्कम शेतीची म्हणता येईल काय, हा वाद देशभरातील जमीनदाऱ्यांतून न्यायालयांपुढे गेला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४८ मध्ये राजा मुस्तफा अली खान यांच्या प्रकरणात आपोआप वाढलेल्या जंगली झाडांचे उत्पन्न शेतीचे नव्हे असे ठरविले. त्यानंतर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिनय कुमार सहस राय यांच्या प्रकरणात सविस्तर कसोटी घालून दिली. नांगरणी, पेरणी, लागवड यांसारखी प्रत्यक्ष जमिनीवर केलेली मानवी मेहनत ही मूलभूत क्रिया; खुरपणी, छाटणी, राखण, तोडणी या नंतरच्या क्रिया. मूलभूत क्रिया झालेली असेल तरच नंतरच्या क्रियांसह ती शेती ठरते. केवळ नंतरच्या क्रिया कितीही कष्टाच्या असल्या, तरी त्यांनी रानाची शेती होत नाही.

ही कसोटी तर्कशुद्ध आहे यात शंका नाही, परंतु तेंदूपानाच्या हंगामावर ती ठेवून पाहिली म्हणजे तिचा अर्थ कळतो. उन्हाळा लागण्यापूर्वी तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटली जातात, कारण छाटलेल्या बुंध्यातूनच बिडीसाठी लागणारे रुंद, मऊ आणि छिद्ररहित पान फुटते. एप्रिल-मे महिन्यांत घरातील थोरली माणसे, बायका आणि हाताशी आलेली मुले उजाडण्याच्या आधी रानात जातात, उन्ह चढेपर्यंत पाने खुडतात आणि घरी येऊन सावलीत बसून त्यांचे पुडे बांधतात. एका पुड्यात ७० पाने घालावयाची, ती देठ एका बाजूस ठेवून एकसारखी लावावयाची आणि सालीच्या धाग्याने आवळावयाची, असा शिरस्ता आहे. मग हे पुडे फळीवर, म्हणजे गावाबाहेरच्या संकलनाच्या जागेवर, नेऊन मोजून दिले जातात आणि वाळविण्यासाठी रांगेने मांडले जातात. अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. या साऱ्या कामात छाटणी आहे, राखण आहे, तोडणी आहे, वाळवण आहे. नांगर मात्र नाही. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या कसोटीप्रमाणे हे उत्पन्न शेतीचे ठरत नाही. ऊस लावणाऱ्या बागायतदाराचे लाखोंचे उत्पन्न ज्या सुटीखाली येते, त्या सुटीच्या बाहेर तेंदू तोडणारे कुटुंब उभे राहते. त्याला प्रत्यक्षात कर भरावा लागत नाही, याचे कारण त्याच्या श्रमाचा प्रकार नसून केवळ त्याची मिळकत करमुक्त मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, हे होय. हक्काने मिळालेली सूट आणि गरिबीमुळे न लागलेला कर, या दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर आहे आणि करविषयक चर्चेत ते डोळ्यांआड होऊ देता कामा नये.

जमीनदारीचा शेवट या प्रश्नाला आणखी एक वळण देऊन गेला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी जमीनदाऱ्या सरकारात विलीन झाल्या. १९५६ मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने वनोपजाच्या व्यापाराचे नियमन आपल्या हाती घेतले. रानाचे उत्पन्न आता सरकारचे झाले आणि सरकारच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसतो, त्यामुळे जमीनदारांच्या काळातील तो वाद या प्रदेशापुरता थंड पडला. रानावर राबणारा मात्र पूर्वी जमीनदाराच्या ठेकेदाराचा मजूर होता, तो आता सरकारी परवानाधारक ठेकेदाराचा मजूर झाला.

येथे आदिवासींना देशात अन्यत्र मिळालेल्या एका सवलतीचा विचार करणे आवश्यक आहे, कारण ती सवलत सूरजागडला न मिळण्याचे कारण पूर्णपणे ऐतिहासिक आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १० मधील २६ व्या खंडानुसार नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल प्रदेश, मिझोराम, राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतील भाग आणि लडाख येथे राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीचे त्या भागात निर्माण झालेले उत्पन्न करमुक्त ठेवले गेले. मग तो पगार असो, दुकानाचा नफा असो वा ठेकेदारी असो. एटापल्लीच्या माडिया शिक्षकाला किंवा वनरक्षकाला ही सवलत नाही. त्याची जमात अनुसूचित आहे, त्याचा तालुकाही अनुसूचित क्षेत्र आहे. परंतु ते क्षेत्र पाचव्या अनुसूचीतील आहे, आणि कायद्याने सूट जोडली आहे ती सहाव्या अनुसूचीशी.

या दोन अनुसूचींचे मूळ वसाहतकाळात आहे. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्यात, म्हणजे जेथे सर्वसामान्य कायदे जसेच्या तसे लागू करावयाचे नाहीत अशा प्रदेशांच्या यादीत, चांद्याच्या जमीनदाऱ्या आणि आसामचे डोंगर ही दोन्ही नावे एकत्र होती. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतर काढलेल्या १९३६ च्या आदेशाने त्यांची वाट वेगळी केली. नागा टेकड्या, लुशाई टेकड्या यांसारखे भाग वर्जित ठरले आणि प्रांतिक विधिमंडळाच्या कारभारापासून दूर ठेवले गेले. सिरोंचा तहसिलीतील अहेरीची जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतील धानोरा, दुधमाळा, खुटगाव, मुरूमगाव, रांगी आदी जमीनदाऱ्या अंशतः वर्जित ठरल्या. घटना समितीने आसामच्या डोंगरांसाठी स्वायत्त जिल्हा परिषदांची तरतूद सहाव्या अनुसूचीत केली आणि मध्य भारतातील प्रदेश पाचव्या अनुसूचीत राज्यपालांच्या देखरेखीखाली ठेवले. प्राप्तिकराचा कायदा लिहिणाऱ्यांनी पुढे ही विभागणी तयार होती तशी उचलली. सीमेवरील प्रदेशांबाबत राजकीय सावधगिरी बाळगण्याची निकड तेव्हा होती, हे मान्य केले तरी उपजीविकेच्या स्वरूपाचा, बाजारापासूनच्या अंतराचा किंवा दारिद्र्याचा कोणताही निकष लावून पाहिला, तर भामरागड-एटापल्लीचा आदिवासी आणि आसामच्या डोंगरातील आदिवासी यांच्यात करापुरता असा भेद करण्याचे समर्थन सापडत नाही. १९३६ मध्ये प्रशासनाच्या सोयीसाठी वापरलेल्या दोन विशेषणांनी तो भेद घडविला.

पगारदारांच्या वजावटींचा इतिहास तुलनेने सरळ आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. चिंतामणराव देशमुख, ज्यांच्या सनदी सेवेचा प्रारंभ याच मध्य प्रांतात झाला होता, यांनी १९५५-५६ च्या अंदाजपत्रकात विवाहितांसाठी २,००० आणि अविवाहितांसाठी १,००० रुपये अशी निरनिराळी करमुक्त मर्यादा आणली. कुटुंबाचा भार कराच्या हिशेबात धरण्याचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. नोकरीसाठी होणाऱ्या खर्चाबद्दल पगारातून ठोक रक्कम वगळणारी प्रमाणित वजावट १९७४ मध्ये आली. बचतीसाठीची कलम ८० सी ची वजावट साठीच्या दशकात सुरू झाली, १९९० मध्ये तिच्या जागी कलम ८८ ची करसूट आली, आणि २००५ च्या वित्त अधिनियमाने वजावट पुन्हा आणून तिची मर्यादा १ लाख ठेवली, जी २०१४ मध्ये दीड लाख झाली. दरम्यान विजय केळकर यांच्या कृतिगटाने २००२ मध्ये या सवलतींचे जंजाळ कमी करून दर उतरवावेत, असा आग्रह धरला होता, आणि राज्यांच्या संमतीने शेतीच्या मोठ्या उत्पन्नालाही कराच्या कक्षेत आणण्याचा मार्ग सुचविला होता. प्रमाणित वजावट २००५ मध्ये गेली, २०१८ मध्ये परत आली. २०२० पासूनच्या नव्या करप्रणालीत बहुतेक वजावटी सोडून कमी दर स्वीकारण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या अंदाजपत्रकाने या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसुटीमुळे कर शून्य केला.

सूरजागड परिसरात पगारपत्रक ही वस्तू सर्वसामान्य घरांत पोहोचली ती मात्र अगदी अलीकडे. शिक्षक, आरोग्यसेवक, वन व पोलीस खात्यांतील नोकर सोडले तर मासिक वेतन येथे अपवादच होते. २००७ मध्ये सूरजागडच्या डोंगरावर लॉइड्स मेटल्स या कंपनीस ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. इलाख्यातील ग्रामसभांनी सातत्याने विरोध नोंदविला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खनिज वाहणारी वाहने मोठ्या संख्येने जाळल्यावर काम थांबले, आणि २०२१ पासून ते मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्याबरोबर खाणीवर, वाहतुकीत व कोनसरी येथील प्रकल्पात स्थानिक तरुणांना नोकऱ्या मिळाल्या. त्यांच्या हातात पडणाऱ्या वेतनचिठ्ठीवर भविष्य निर्वाह निधीच्या खाली व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, एकूण वर्षाला २,५००, अशी कपात असते. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्राने बसविलेला हा कर रोजगार हमी योजनेचा खर्च भागविण्यासाठी आणला गेला, आणि शहरातील नोकरदाराने ग्रामीण मजुराच्या हाताला काम देण्यासाठी काही द्यावे, ही त्यामागील भावना निःसंशय उदात्त होती. इतिहासाच्या दृष्टीने पाहता, न कसणाऱ्याच्या धंद्यावर बसणारा हा कर जुन्या पांढरीचाच वंशज ठरतो. एकाच कमाईवर दुहेरी ओझे नको, हे जुने तत्त्वही प्राप्तिकराने पाळले होते. भरलेला व्यवसाय कर कलम १६ खाली पगारातून वजा मिळत असे. नव्या करप्रणालीत ही वजावट राहिली नाही. बहुतेक कामगारांचा प्राप्तिकर शून्यच असल्यामुळे त्यांना याची झळ लागत नाही, पण दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले एक तत्त्व फारशी चर्चा न होता सुटले, याची नोंद घ्यावयास हवी.

वजावटींच्या याद्या कोणाला नजरेसमोर ठेवून तयार झाल्या, याचे एक उदाहरण या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. दुर्धर आजारावरील उपचारांच्या खर्चाबद्दल कलम ८० डीडीबी खाली वजावट मिळे आणि कोणते आजार धरावयाचे, ते १९६२ च्या नियमावलीतील ११ डीडी या नियमात दिलेले होते. रक्ताच्या आजारांत त्या नियमाने हिमोफिलिया व थॅलेसीमिया ही दोन नावे घेतली. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी व अन्य समाजांत ज्या रक्तविकाराने पिढ्यान्‌पिढ्या मुले गमावली, ज्यासाठी शासनालाही विशेष मोहिमा हाती घ्याव्या लागल्या, तो सिकलसेल त्या यादीत नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या तिन्ही विकारांना एका ओळीत बसविले; कराच्या नियमाने तसे केले नव्हते. अहेरीहून नागपूरला मुलाला रक्त चढविण्यासाठी वारंवार नेणाऱ्या शिक्षकाचा खर्च या वजावटीत बसत नसे. यादी करणाऱ्यांच्या मनात दुजाभाव होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या परिचयाच्या रुग्णालयांत जे आजार दिसत होते ते यादीत आले, आणि हे रुग्ण त्यांच्या नजरेपासून फार दूर राहत होते.

रानाचा प्रश्न वनहक्क कायद्यानंतर पुन्हा उभा राहिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढील काळात पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतविषयक) कायदा व वनहक्क कायदा यांच्या आधारे जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभा बांबू व तेंदूपान स्वतः विकू लागल्या. त्यामुळे प्राप्तिकराचे एक कलम थेट गावापर्यंत आले. कलम २०६ सी १९८८ मध्ये मद्य, लाकूड आणि वनोपज यांच्या व्यापारातील करचुकवेगिरी रोखण्यासाठी आणले गेले; त्यानुसार विक्रेत्याने खरेदीदाराकडून किमतीबरोबरच ठरावीक टक्के प्राप्तिकर गोळा करून सरकारात भरावयाचा असतो. तेंदूपानासाठी हा दर दीर्घकाळ शेकडा ५ राहिला. २०१२ मध्ये त्याच कलमात कोळसा व लिग्नाइट यांच्या जोडीने लोहखनिजाची भर पडली आणि त्याचा दर शेकडा १ ठेवण्यात आला, म्हणजे सूरजागडच्या डोंगरावरचे पान आणि डोंगराच्या पोटातील दगड एकाच तक्त्यात आले. माल वस्तुनिर्मितीसाठीच वापरणार असल्याचे लेखी निवेदन खरेदीदाराने दिल्यास ही वसुली करावी लागत नाही. कारखान्याला ही वाट सोपी आहे, तेंदूचा व्यापार करणाऱ्या ठेकेदाराला ती मिळत नाही.

विक्रेता म्हणून ग्रामसभेला त्यासाठी करसंकलनाचा क्रमांक घेणे, दर तिमाहीस विवरण भरणे आणि खरेदीदाराला प्रमाणपत्र देणे क्रमप्राप्त झाले, आणि ज्या गावात हिशेब गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, सर्वांसमक्ष तोंडी मांडण्याची परंपरा आहे, तेथे हिशेबनीस शोधण्याची वेळ आली. शिवाय ग्रामसभेच्या स्वतःच्या उत्पन्नाचे काय, हाही प्रश्न आहे. कलम १० च्या २० व्या खंडात स्थानिक प्राधिकरणाचे बहुतांश उत्पन्न करमुक्त ठेवले होते, पण तेथे स्थानिक प्राधिकरण म्हणजे पंचायत, नगरपालिका, जिल्हा मंडळ आणि कटक मंडळ अशी मोजून नावे दिली होती. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ ग्रामसभा व पंचायत यांची व्याख्या वेगवेगळी करतो. कर कायद्याने त्यांपैकी पंचायतीचा खंड उचलला आणि ग्रामसभेचा उचलला नाही. तेंदूच्या विक्रीतून आलेली रक्कम ग्रामसभा तोडणाऱ्या कुटुंबांत वाटते, काही भाग गावाच्या कामासाठी राखते, आणि वाटल्यानंतर ती प्रत्येकाच्या हाती करमुक्त मर्यादेच्या खूप खालीच राहते. परंतु वाटण्याआधी, बँकेच्या खात्यात ती एकत्र असताना, ती कोणाची मिळकत समजावी याचे उत्तर शोधताना व्यक्ती, अविभक्त हिंदू कुटुंब, कंपनी, भागीदारी संस्था, व्यक्तींचा समूह, स्थानिक प्राधिकरण आदी कायद्यातील वर्गांपैकी एकात ग्रामसभेला बसवावे लागते. त्यांतील व्यक्तींचा समूह हा वर्ग नफ्यासाठी एकत्र आलेल्या माणसांच्या कल्पनेतून आलेला आहे; डोंगर, देव आणि रान सामाईक मानणाऱ्या गावाची कल्पना त्याच्यामागे नव्हती.

२०२५ मध्ये संसदेने नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सुटसुटीत झाली, सवलतींची मांडणी तक्त्यांत करण्यात आली. शेतीच्या उत्पन्नाची व्याख्या मात्र, शेतीच्या कामी वापरली जाणारी जमीन या १८८६ पासूनच्या अटीसह, आशयाने तीच ठेवण्यात आली आहे.